परीक्षा झाली, सुट्टी लागली, पेटीवर धूळ! डिसेंबरात पोरांचा रियाज टिकवायचा कसा?

तिसरी पट्टी (शहापूर, बेळगाव) | ८ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

मी घरीच गायन आणि हार्मोनियमचे क्लास घेते. दरवर्षी हे दिवस आले की आम्हा शिकवणाऱ्यांचं एकमेकींना फोन करून तेच रडगाणं चालू असतं. यंदा म्हटलं, इथंच मांडावं. इथं शिकवणारे आहेत, पालक आहेत, दोन-चार शिकणारी पोरंही वाचत असतील.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात होतात. त्याआधी पोरं अशी येतात की सतरंजी पुरत नाही. चुकून कुणाचा ताल सुटला तर बाकीची त्याच्याकडं असं बघतात जणू त्यानं घरच चोरलंय. प्रात्यक्षिक झालं, परीक्षकांनी 'ठीक आहे, या' म्हटलं, की त्या दिवसापासून पेटीला हात नाही. थेट संक्रांतीनंतर तिळगूळ घेऊन उगवतात आणि दुर्गा राग गायला सांगितला तर त्यात नसलेला निषाद सरळ लावतात.

बाहेरच्यांना वाटतं हिवाळी सुट्टी म्हणजे सगळ्यांना एकदम सुट्टी. आपल्याकडं तसं कुठं असतं? कॉन्व्हेंटवाल्यांना नाताळची सुट्टी, सेंट्रल बोर्डवाल्यांची तारीख वेगळी, आणि मराठी-कन्नड शाळांची मोठी सुट्टी दसऱ्यालाच संपलेली. त्यांचं डिसेंबरात गॅदरिंग आणि स्पोर्ट्स. म्हणजे एकाच बॅचमधली पोरं वेगवेगळ्या आठवड्यांत गायब. त्यात सुवर्णसौधला (कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत) अधिवेशन लागलं की रस्ते वळवलेले, मोर्चे, बंदची अफवा. हलग्याकडून येणाऱ्या मुलीची आई फोन करते, 'बाई, ह्या आठवड्यात नको.' तिचंही बरोबर आहे.

रियाजाची वही देऊन झाली. रोज सही आणायची. आया महिनाअखेरीस एकाच पेनानं सगळ्या सह्या करतात. व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग मागवलं की ग्रुपवर तेवढ्यापुरतं उत्साहाचं वारं, मग शांतता.

मला शिस्तीचं लेक्चर नकोय, ते मलाच पाठ आहे. सुट्टीतही पोर आपणहून पेटी उघडतं, असं तुमच्या पाहण्यात कुठं झालंय का? झालं असेल तर का झालं, ते सांगा.

---

खानापूरचा डग्गा | ८ डिसेंबर, रात्री १०:१५

बाई, आमच्याकडं उलटं आहे बघा. मी खानापूर भागात तबला-पखवाज शिकवतो. पोरं दिवाळी-दसऱ्याला ढिली पडतात, मार्गशीर्षात न्हाई. कारण सप्ताह.

गावात हरिनाम सप्ताह लागला की पहाटे काकडा, दुपारी पारायण, सांजला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. हातात वाद्य धरणारा माणूस कमीच पडतो. रात्री बारानंतर म्हातारे पखवाजवाले पाठ टेकतात आणि मग हाक येते, 'अरे, त्या मास्तराच्या पोराला बसवा की.' एकदा असं बसवलेलं पोर पुढच्या वर्षी दिवाळीपासनंच तयारीला लागतं. मी काय सांगायची गरज न्हाई.

माझ्याकडं एक सातवीतला आहे. क्लासमध्ये कायदा (तबल्याची ठरलेली रचना) द्यायचा म्हटला की ह्याच्या पोटात दुखतंय. पण भजनी ठेक्याची लग्गी (जलद, नाचरी वाजवणी) मात्र शेतात, बसमध्ये, दप्तरावर वाजवत असतो. का? तर गेल्या सप्ताहात त्याच्या लग्गीवर टाळकऱ्यांनी पाय उचलला होता. आता त्याला कळलंय की आपण वाजवलं तर वीस माणसं नाचतात. परीक्षकानं दिलेल्या मार्काला ती चव येत नाही.

---

टिळकवाडीची आई | ८ डिसेंबर, रात्री १०:५२

त्या एकाच पेनानं सह्या करणाऱ्या आयांपैकी मी एक. लपवत नाही. :)

माझी मुलगी पाचवीत, गाणं शिकते. तिच्या बाईंनी गेल्या डिसेंबरात रोज रेकॉर्डिंग पाठवायला सांगितलं होतं. ते कसं झालं ते ऐका. फोन माझा. मी ऑफिसातून साडेसहाला येणार, चहा, मग 'चल, रेकॉर्डिंग.' ती गाणार, मधे कुकरची शिट्टी. परत. मधे आजी विचारणार, भाजी कुठली करायची. परत. चौथ्या वेळी ती रडवेली, मी चिडलेली. शेवटी जे काही झालं ते पाठवून दिलं. पलीकडून एक अंगठा आला.

हा तिचा रियाज होता का माझा गृहपाठ? गाणं आणि आईची चिडचिड ही जोडी तिच्या डोक्यात बसली तर ते सुटलेल्या रियाजापेक्षा वाईट, असं माझं मत. शिकवणाऱ्यांनी रागावू नये, पण घरात ते प्रत्यक्ष कसं उतरतं हे एकदा बघा.

आणि सुट्टीत आम्ही माहेरी जातो, गडहिंग्लजला. तिथं पेटी नाही. मग काय करायचं?

---

निपाणीकर_जुना | ९ डिसेंबर, सकाळी ६:२०

सकाळी उठून हे वाचलं आणि राहवलं नाही.

लाड चाललेत सगळे. आमचे गुरुजी सुट्टी हा शब्दच मानत नसत. थंडीत पहाटे पाचला खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावायला बसवायचे, तोंडातून वाफ निघायची. आज पोराला 'आवडेल तसं' म्हणायचं, पालकांना 'जमेल तसं' म्हणायचं, आणि वर विचारायचं रियाज का होत नाही. सुट्टी शाळेला असते. गळ्याला कसली सुट्टी?

आणखी एक. डिसेंबरात क्लास कमी झाले म्हणून अर्धी फी कापून देणारे पालक माझ्या माहितीत आहेत. केबलचं बिल कापतात तशी. पोराला ते दिसतं. आपल्या घरात ह्या गोष्टीची किंमत काय आहे, हे त्याला तिथंच समजतं. मग ते कशाला पेटी उघडेल?

---

तिसरी पट्टी | ९ डिसेंबर, दुपारी १:०५

निपाणीकर, फीबद्दल बोललात ते शंभर टक्के. पहाटे पाचचं मात्र राहू द्या. तुमच्या गुरुजींकडं जी पोरं टिकली ती तुम्हाला आठवतात. पळाली ती कुणी मोजली?

टिळकवाडीच्या आई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी रेकॉर्डिंगचा मेसेज टाइप केला होता तो पुसला.

डग्गेवाले, तुमचं डोक्यात घोळतंय. पण शहापुरातल्या पोरीला सप्ताह कुठून आणू?

---

काळी_पाच | ९ डिसेंबर, सायंकाळी ७:३०

मी नववीत आहे. लिहावं की नको कळत नव्हतं, पण सगळे आमच्याबद्दल बोलताहेत म्हणून लिहितो.

सर सांगतात, 'सुट्टीत रियाज कर.' पण काय करायचं ते सांगत नाहीत. क्लासमध्ये सर पेटी धरतात, आम्ही मागून म्हणतो. घरी एकटा बसलो की मला कळतच नाही की कुठून सुरू करू. सगळं एकदा गाऊन होतं दहा मिनिटांत. मग काय? परत तेच? आणि बरोबर झालं की चूक ते कोण सांगणार?

दुसरं म्हणजे माझा आवाज फुटलाय. आधी काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरून, आरामात गायचो (म्हणून हे नाव). आता वरचा सा लावला की मधेच चिरतो. घरी गायलो की ताई हसते. क्लासमध्ये पण मुली हसल्या. सरांना सांगितलं तर म्हणाले, होतं असं, गात राहा. मी गात नाही आता. क्लासला जातो, ओठ हलवतो. पुढच्या वर्षी दहावी, प्रिपरेटरी (बोर्डाआधीची सराव परीक्षा) आणि ट्यूशन, तेव्हा आपोआप बंदच होईल.

---

टिळकवाडीची आई | ९ डिसेंबर, रात्री ८:१०

अरे बाळा. बरं झालं लिहिलंस.

---

तिसरी पट्टी | ९ डिसेंबर, रात्री ११:२०

काळी_पाच, तुझ्यासाठी जरा लांबण लावते. बाकीच्यांनीही वाचा, कारण माझ्या मते आख्ख्या धाग्यातलं मुद्द्याचं ह्या पोरानं सांगितलंय.

आधी आवाजाचं. आवाज फुटणं म्हणजे तो बिघडणं नव्हे. स्वरतंतू लांब आणि जाड व्हायला लागतात, पूर्वीच्या पट्टीत ते ताणले जात नाहीत, म्हणून चिरतो. 'गात राहा' हे अर्धंच बरोबर आहे. गात राहायचं, पण पट्टी उतरवून. तू काळी पाच आता विसर. पेटीवर काळी एक किंवा काळी दोनचा सा धर. खाली मंद्रातला पंचम सहज लागतो का बघ, वर मध्यमापर्यंत आवाज न दाबता जातो का बघ. जिथं सगळ्यात मोकळं वाटेल तो सध्याचा तुझा सा. काही महिन्यांत तो अजून सरकेल, तेव्हा परत शोध. वरचा सा ह्या काळात लागला नाही तरी चालेल. ओढून तर मुळीच लावायचा नाही. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी गायचंच नाही, नुसतं ऐकायचं. बेळगावच्या डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत सकाळी उठल्या उठल्या गळा ओढू नये. आधी कोमट पाणी, थोडं बोलणं, मग खालच्या स्वरांवर गुणगुणणं. निपाणीकरांच्या गुरुजींची क्षमा मागून सांगते, फुटत्या आवाजाच्या पोरासाठी पहाटे पाचपेक्षा संध्याकाळचे सहा बरे.

पट्टी बदलायचं शिकवणाऱ्याच्या लक्षात यायला पाहिजे. बॅच मोठी असते, सगळ्यांना एकाच पट्टीत म्हणायला लावणं सोपं पडतं आणि अशी पोरं ओठ हलवत बसतात. पुढच्या क्लासला सरांना सरळ सांग, 'मला काळी एकला घ्या.' पट्टीचं नाव घेऊन सांगितलंस तर ते टाळणार नाहीत.

आता 'काय करायचं ते सांगत नाहीत' हे. बरोबर बोलतोयस. 'रियाज कर' ही सूचनाच नव्हे. मी ह्या सुट्टीत पोरांना वहीऐवजी एकेक चिठ्ठी देणार आहे. भूप राग येणाऱ्या मुलीच्या चिठ्ठीत एवढंच असेल:

तानपुरा ॲप लाव. सा चार श्वास, नुसता सा, हलू द्यायचा नाही. मग हा पलटा (स्वरांची ठरलेली ओळ), टाळी देत, एका टाळीला एक स्वर:

सारेग रेगप गपध पधसां
सांधप धपग पगरे गरेसा

तीनदा सावकाश. चौथ्यांदा आकारात, नुसतं 'आ' म्हणत. गपध वरून पधसां ला जाताना पंचम खाली सरकतो का, तेवढंच ऐक. झालं. बंद कर.

हे पाच-सात मिनिटांचं काम आहे. मुद्दाम कमी ठेवलंय. रोज थोडं बसलेलं पोर रविवारी एकदम तासभर ओरडणाऱ्या पोरापेक्षा जास्त धरून ठेवतं, हे इतक्या वर्षांत डोळ्यांनी पाहिलंय. आणि 'काय ऐकायचं' ते चिठ्ठीत असलं की बरोबर-चूक सांगायला दुसरं कुणी लागत नाही. पंचम खाली गेला की तिला स्वतःलाच टोचतं. 'बंद कर' हेही मुद्दाम. अजून गावंसं वाटत असताना पेटी मिटली, की दुसऱ्या दिवशी उघडते.

---

काळी_पाच | ९ डिसेंबर, रात्री ११:४१

काळी एकला लागला. रात्री हळू आवाजात बघितलं. थँक्यू बाई.

---

संकेश्वरचा श्रोता | १० डिसेंबर, सकाळी ९:००

मी ना शिकवत, ना शिकत. नुसता ऐकणारा. पण एक म्हणू का? तुम्ही सगळे गाण्याबद्दल बोलताय, ऐकण्याबद्दल कुणीच नाही.

आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व घ्या. १९२४ चा जन्म, लहानपणीच मैफली गाजवलेल्या. मग क्षय झाला. १९४८ ला देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंद. डॉक्टरांची मनाई होती. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायांची लोकगीतं कानावर पडायची, ती ऐकत राहिले. १९५३ ला पुन्हा मैफलीत बसले तेव्हा त्यांच्या गाण्यात नवं काही आलं होतं, ते पुढं सगळ्यांनी ऐकलं. वर्षानुवर्षं गाणं थांबूनही गाणं मेलं नाही, ते कानात चालूच होतं. तुमची पोरं पंधरा दिवस गायली नाहीत म्हणून जग बुडत नाही. त्या पंधरा दिवसांत त्यांच्या कानावर काय पडतं ते बघा.

---

निपाणीकर_जुना | १० डिसेंबर, सकाळी ९:२५

कुमारजींचं उदाहरण प्रत्येक वादात काढायची पद्धत पडलीय. अहो, गुरू बी. आर. देवधरांकडं तालीम झालेली, आयुष्य गाण्यात मुरलेलं. त्यांनी ऐकलं की ते आत जिरत होतं. प्रवेशिकेतल्या (सुरुवातीच्या परीक्षेच्या) पोराला 'नुसतं ऐक' म्हणाल तर तो काय ऐकणार? इन्स्टावरचं गाणं, अर्धा मिनिट.

---

संकेश्वरचा श्रोता | १० डिसेंबर, सकाळी ९:५०

मान्य, एकटा सोडलात तर तेच ऐकेल. म्हणून एकटं ऐकू देऊ नका. ३१ डिसेंबर हा गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचा जन्मदिवस, १९१० सालचा. धारवाड इथून काही लांब नाही. त्या दिवशी दुपारी चार पोरं घरी बोलवा, एक राग लावा, अर्ध्या तासाच्या वर नाही. आधी सांगून ठेवा, 'बुवा समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कुठं येतात ते धरा, हात आपटा.' आमच्या नातवंडांबरोबर मी हे करतो. पहिल्यांदा गोंधळ, मग हळूहळू सगळे एकदम समेवर हात आपटतात आणि एकमेकांकडं बघून हसतात. रागाचं नाव नाही सांगितलं तरी चालतं. रात्री थर्टी फर्स्टला काय वाजवायचं ते वाजवू देत.

---

खानापूरचा डग्गा | १० डिसेंबर, दुपारी २:३०

टिळकवाडीच्या आई, तुमचा गडहिंग्लजचा प्रश्न राहूनच गेला. माझ्या पोरांचं सांगतो, गाण्याला पण लागू पडतंय.

तबला नसला तरी पढंत करता येते. बोल तोंडानं, हातानं टाळी-खाली (खाली म्हणजे टाळी न देता हात मोकळा). तीनताल असला तर पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली. मग त्यावर कायदा, 'धाधा तिट धाधा तूना', आधी एकपट, मग टाळीची लय न हलवता दुप्पट. दुप्पटीत टाळी पळाली की समजायचं, बोट नव्हे, डोकं पळतंय. हे बसमध्ये होतंय, अंघोळीत होतंय. मी तर म्हणतो तबला समोर नसताना जास्त चांगलं होतं, कारण आवाजाच्या मागं लपता येत नाही. तुमच्या मुलीनं पेटीशिवाय बंदिश टाळी देत नुसती म्हणावी, शब्द कुठल्या मात्रेवर पडतोय ते बघत. सम बरोबर आली की बास.

आता वाद्यं घरी ठेवून जाणाऱ्यांसाठी. थंडीत हवा कोरडी, पुडी (तबल्यावरचं चामडं) ओढली जाते, स्वर चढतो. बरीच पोरं पावसाळ्यात सवय लागल्यासारखी थंडीतही तबला उन्हात ठेवतात. तसं करू नका, आधीच ताणलेली पुडी फाटली तर सुट्टीनंतर पहिला खर्च तोच. जायच्या आधी गठ्ठे (तबल्याच्या बाजूचे लाकडी ठोकळे) थोडे वर घ्या, कापडात गुंडाळा, भिंतीला टेकवू नका. पेटीचा भाता मिटून कड्या लावा, वर काही ठेवू नका. आमच्याकडं एकीनं पेटीवर इस्त्रीचे कपडे रचले होते. सुट्टीनंतर दोन पट्ट्या दबलेल्याच राहिल्या आणि पोर म्हणतंय, 'सर, पेटी आपोआप गातेय.'

---

कॅम्पातली | १० डिसेंबर, सायंकाळी ६:४५

मी धाग्यावर उशिरा आले. आमचं कुटुंब गोव्याकडचं, चार पिढ्या बेळगाव कॅम्पात. मराठी-कोंकणी-इंग्रजी सगळं घरात चालतं.

तुम्ही म्हणताय डिसेंबरात पोरं गात नाहीत. आमच्या चर्चच्या क्वायरमधली पोरं डिसेंबरातच सगळ्यात जास्त गातात! नोव्हेंबरच्या शेवटापासून आठवड्यातून तीन-तीन संध्याकाळी प्रॅक्टिस, थंडीत स्वेटर घालून, सोप्रानो (वरचा आवाज) एकीकडं, आल्टो (खालचा) दुसरीकडं. फी नाही, सर्टिफिकेट नाही. कुणी चुकलं तर दुसरीच कोपरानं ढोसते. कारण चोवीसच्या मध्यरात्री मिसला (चर्चमधल्या प्रार्थनेला) सगळं गाव समोर असतं आणि आपला आवाज कमी पडला तर शेजारचीला कळतं.

खानापूरचे सर सप्ताहाबद्दल म्हणाले तेच हे. बाईंचा शहापूरचा प्रश्न वाचून मला वाटलं, शहरातल्या तुमच्या पोरांना गायला ठिकाणच नाही. परीक्षा हेच एक ठिकाण, आणि तिथं ऐकणारा एकच, तोही मार्क लिहीत बसलेला.

---

तिसरी पट्टी | १० डिसेंबर, रात्री १०:३०

कॅम्पातली, नेमकं बोट ठेवलंत. मी 'रियाज का करत नाहीत' विचारत होते, तुम्ही विचारलंत 'कुणासाठी करायचा.'

शहरात गॅदरिंग असतं म्हणा. पण तिथं ट्रॅक लावून ओठ हलवायचे. वर्षभर शास्त्रीय शिकणाऱ्या माझ्या मुलीला शाळेनं गॅदरिंगात नाचात उभं केलं, कारण 'गाण्याला वेळ लागतो, माइकचं झंझट.' शाळांवर चिडून उपयोग नाही. पण ज्यांचे हात पोहोचतात त्यांनी एवढं तरी सुचवावं की स्वागतगीत पेटी-तबल्यावर पोरांकडून होऊ दे.

स्वागतगीतावरून आठवलं. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन ह्याच बेळगावात भरलं होतं. तिथं स्वागताला गाणाऱ्या मुलींत गायिका गंगूबाई हनगल होत्या. वय अकरा. पुढं त्या कुठं पोहोचल्या ते सांगायला नको. अकरा वर्षांच्या मुलीला एवढ्या मोठ्या मांडवात उभं करणारी माणसं तेव्हा इथं होती, मला त्याचं जास्त अप्रूप वाटतं.

असो. मी ठरवलंय ते सांगते. नाताळ ते संक्रांत नेहमीचे क्लास बंद ठेवायचे. फी पूर्ण, निपाणीकर खूश. त्याऐवजी जी पोरं गावात आहेत त्यांची दर शनिवारी एकाच्या घरी बैठक, आळीपाळीनं. ज्याच्या घरी बैठक त्यानं एक गोष्ट म्हणायची, अभंग चालेल, बंदिश चालेल, नाट्यपद चालेल. त्याचे आजी-आजोबा, शेजारचे काका-काकू ऐकायला. चहा-चिवडा त्या घरचा. मी कोपऱ्यात बसणार, चुका काढणार नाही. (हे मला सगळ्यात जड जाणार आहे.) संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन घरी मुलींना गायला आधीच बोलावणं आलंय.

---

निपाणीकर_जुना | १० डिसेंबर, रात्री १०:५५

चुका काढणार नाही म्हणजे काय? बेसूर गायलं तरी टाळ्या?

---

तिसरी पट्टी | १० डिसेंबर, रात्री ११:०२

आजोबांच्या टाळ्या आजोबांना करू द्या. सूर मी सोमवारी बघते.

---

चिकोडीचा ऊस | ११ डिसेंबर, सकाळी ७:४०

तुमच्या शनिवारच्या बैठका बेळगावात ठीक. आमच्याकडं साखर कारखाने सुरू झालेत. रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागं लाइट नाही. पोरांना संध्याकाळी सातनंतर बाहेर सोडत नाही आम्ही, आणि निम्मे पालक ऊसतोडीच्या मागं. बैठक घ्यायची तर दुपारी घ्या आणि गावातल्या गावात. मी हे आमच्या तबल्याच्या सरांना दाखवणार आहे.

---

टिळकवाडीची आई | ११ डिसेंबर, सकाळी १०:१०

बाई, पहिला शनिवार आमच्या घरी ठेवा ना. आम्ही पंचवीसला गडहिंग्लजला निघतो, त्याच्या आधी. मुलीला आत्ताच सांगितलं, तर तिनं पहिला प्रश्न विचारला, 'खालच्या मजल्यावरच्या आजी येणार का?' येणार म्हटलं. पेटी काढून बसलीय. कुकर मी नंतर लावते.

---

तिसरी पट्टी | ११ डिसेंबर, दुपारी १२:३०

ठेवला. डग्गेवाले, तुमच्या गावचा सप्ताह कधी आहे ते कळवा. माझ्या दोन मोठ्या मुलींना हरिपाठाला आणते. पेटी आमची आणू का?

---

खानापूरचा डग्गा | ११ डिसेंबर, दुपारी १:१५

या की बाई, जरूर या. पेटी आणू नका, देवळाची आहे, बसमध्ये हाल होतात. पण एक आधीच सांगतो, आमची मंडळी काळी दोनला गातात आणि चढत जातात. पोरी तुमच्या पट्टीत शिकलेल्या, ओढाताण होईल. आत्तापासून दोन अभंग काळी दोनला बसवून आणा, वर नाही गेलं तर खालच्या सप्तकात म्हणू दे. आणि स्वेटर जाड घाला, काकड्यापर्यंत थांबायचं असेल तर पहाटे देवळाची फरशी लई गार असते.